घशाला काही झालेलं नाही

२ ऑगस्ट

वही डॉक्टरीणबाईंनी दिली. फुकट! "बोलता येत नाही ना, मग लिही. रोज. जे बोलायचं असेल ते लिही." चाळीस पानी वही, वर मांजरीचं चित्र. मी एकोणतीस वर्षांची बाई, अख्ख्या तालुक्याचे रुग्णवाहिकेचे फोन घेते, आणि मला औषध म्हणून काय, तर मांजरीची वही.

आधी नाकातून नळी घातली. डोळ्यांतून पाणी काढलं. मग पडद्यावर मला माझाच घसा दाखवला. "बघ बुरुल, किती छान आहे. सूज नाही, गाठ नाही. घशाला काही झालेलं नाही." मग आवाज कुठे गेला, फिरायला? मी तोंडाने काही बोलू शकत नव्हते, म्हणून नुसतं डोळे वटारून बघितलं. तर म्हणते, "घरी काही झालं का?"

घरी! घसा दाखवायला गेले होते, घर नाही. बेर्मेत तिचं नाव. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहानच असेल. बिश्केकला शिकून आली की सगळ्यांना असंच होतं, बोट दुखलं तरी विचारतात मन कसं आहे.

३ ऑगस्ट

आवाज नाही. वहीने काही होत नाही.

५ ऑगस्ट

ठीक आहे, लिहिते. कधी गेला ते तरी लिहिते.

एकतीस जुलै. नणंद बिश्केकहून आली होती — सैरा. जेवणाचं दस्तरखान पसरलेलं, मटण, नूडल्स, नान, जर्दाळूचा मुरांबा, सगळं मी केलेलं. मी समोवारापाशी, चहाच्या बंबाशी. सुनेची जागा तीच, दाराजवळची. वाटीत चहा अर्धाच ओतायचा, म्हणजे माणूस पुन्हा पुन्हा मागतो आणि आपण पुन्हा पुन्हा ओततो. भरून दिली तर त्याचा अर्थ, उठा आता. सात वर्षं मी अर्ध्या वाट्या भरतेय.

सैरा तोंडात घास घेऊन म्हणाली, "जिबेकला पहिलीत आमच्याकडेच घालू. रशियन शाळा आहे जवळ. आई पण येईल, माझी दोन्ही कार्टी तिच्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत." आणि सासू म्हणाली, "सव्वीसला निघू. एक तारखेला शाळेची घंटा." झालं. जसं काही रविवारी बाजारात जायचं ठरत होतं.

जिबेक माझी आहे. हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय? मी जन्म दिलाय तिला. पहिलं मूल सासूसासऱ्यांचं, ही इथली रीत. दवाखान्यातून घरी आले, तिसऱ्या दिवशी सासूने गाठोडं स्वतःच्या मांडीवर घेतलं, माझ्या कानात चांदीचे डूल घातले आणि म्हणाली, ही माझ्या म्हातारपणाची. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला आणखी होतील. दूध मी पाजायचे, निजायची तिच्या कुशीत. आणि दुसरं काही मला झालं नाही. पोरगी सासूला आई म्हणते. स्वतःच्या बापाला दादा म्हणते. मला वहिनी.

तर त्या संध्याकाळी कोणी माझ्याकडे बघितलं नाही. कुबान — माझा नवरा — ताटातल्या नूडल्स मोजत बसला. मी सैराला विचारायला तोंड उघडलं, साखर हवी का. नुसती हवा आली.

साखरेचंच विचारत होते मी. दुसरं काही नाही.

६ ऑगस्ट

सासूचे उपाय. सकाळी मेंढीच्या शेपटीची चरबी गरम दुधात. दुपारी बिजूच्या, त्या बिळातल्या जनावराच्या, चरबीने गळा चोळायचा. संध्याकाळी गरम मिठाची पुरचुंडी. माझ्या अंगाला जो वास येतोय त्याने गायसुद्धा मागे सरकते. "थंड पाणी प्यालीस तू, घाम आलेला असताना. मी बघितलं." सगळं बघते ती.

सुनेने सासूचं नाव घ्यायचं नाही. तोंडातून काढायचं नाही, त्या नावाची दुसरी बाई गल्लीत असेल तर तिलासुद्धा वेगळ्या नावाने हाक मारायची. सात वर्षं पाळलं. आज लिहिते. तुर्दुबुबु. तुर्दुबुबु. तुर्दुबुबु. घे!

काही झालं नाही. छत जागेवर आहे.

८ ऑगस्ट

कामावर गेले. एकशे तीनच्या, म्हणजे रुग्णवाहिकेच्या फोनच्या, खोलीत माझ्या खुर्चीत आता नाझिक बसते. शाळेतून नुकतीच सुटलेली. फोन वाजला की आधी दचकते. आज कोणीतरी सांगत होतं म्हातारा पडलाय, आणि ही विचारतेय, "म्हणजे कसा पडला?" अगं, पत्ता विचार! आधी पत्ता, मग श्वास चालू आहे का, मग बाकीचं. मी टेबलावर हात आपटला, कागदावर मोठ्ठं लिहिलं — पत्ता. तिने विचारला. मग रडायला लागली, म्हणे तुम्ही माझ्यावर चिडता.

सहा वर्षांत माझ्या आवाजावर किती माणसं थांबलीत. बायका किंचाळत असतात, मी म्हणते, ऐका, मी आहे, फोन ठेवू नका. आणि त्या ऐकतात. माझा आवाज चढत नाही, पडत नाही, सगळे म्हणतात.

साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बघू. तोवर औषधांची कपाटं लाव. आज दोनशे बाटल्या लावल्या, एकीनेही उलट उत्तर दिलं नाही.

९ ऑगस्ट

शेजारच्या दोघी सासवा चहाला आल्या होत्या. येताना स्वतःच्या सुना घेऊन आल्या. दाखवायला! "बघा. कशी गुपचूप काम करते. चेहरा कसा शांत. अशी सून मिळायला नशीब लागतं." त्यातल्या एका सुनेने माझ्याकडे असं बघितलं की तिचे डोळे काढून हातात द्यावेत. तिचं काय चुकलं म्हणा. मीही असंच बघितलं असतं.

कुबानला गॅरेजवाल्यांनी विचारलं म्हणे, कुठल्या दुकानातून आणलीस, आम्हालाही एक दे. हा ते घरी येऊन हसत सांगतो.

१० ऑगस्ट

हसला. अजूनही तेच आठवून चिडतेय.

१२ ऑगस्ट

आज काळीज उचलायला नेलं. नदीपलीकडे ऐशाकान आजी आहे, ज्याचं काळीज भीतीने खाली पडलंय त्याचं ती उचलून देते. मी मान नाही नाही म्हणून हलवत होते, सासूने दंडाला धरून गाडीत बसवलं.

वाटीत काठोकाठ पीठ, वर फडकं घट्ट बांधलेलं. ती वाटी माझ्या छातीवरून, पाठीवरून, खांद्यांवरून फिरवली, तोंडाने पुटपुटत. मग फडकं सोडलं. पिठात एका बाजूला हा एवढा खड्डा. "बघ. जागा सोडलीय त्याने. कशाला दचकलीस?"

सासू म्हणाली, "दचकायला काय झालंय हो, घरात सगळं व्यवस्थित आहे."

"मी तिला विचारते," आजी म्हणाली.

मी खांदे उडवले. आजीने माझ्या हनुवटीला धरून तोंड वर केलं, बाजारात घोड्याचं करतात तसं. "तीन वेळा यावं लागेल. पण पोरी, मी काळीज उचलते. तोंड उघडून द्यायचं काम माझं नाही."

एक नाकात नळी घालते, दुसरी छातीवर पीठ फिरवते, आणि दोघींना खाज एकच. काय झालं, काय झालं. अरे घसा बसलाय! माणसाचा घसा बसू शकत नाही का? गुडघा दुखला तर कोणी विचारत नाही तुझं कोणाशी भांडण झालंय का.

परत येताना सासू पीठ घेऊन आली. वाया कशाला घालवायचं, म्हणाली. माझ्या काळजाचा खड्डा पडलेल्या पिठाचा आज रात्री नान झाला. सगळ्यांनी खाल्ला.

१४ ऑगस्ट

कुबानने जिबेकची पाटी आणली. दार लावून घेतलं. "बुरुल, लिही. तुला काय खुपतंय ते लिही. मी तुझा नवरा आहे की नाही?"

आता विचारतो! त्या संध्याकाळी तोंड नव्हतं का याला? याला तर आवाज होता ना? आईसमोर याचं काय होतं, कुठल्या डॉक्टरला दाखवायचं ते?

खडू घेतला. त्याच्याकडे बघितलं. कपाळावर घाम, खालचा ओठ लोंबलेला, जसं काही मी त्याला फाशी सुनावणार आहे.

मी लिहिलं — मीठ संपलंय.

त्याचा जीव भांड्यात पडला. उठला, दुकानात गेला आणि दोन किलो मीठ घेऊन आला. दोन किलो! आणि वर जाताना शीळ घालत गेला. पाटी फेकून मारावीशी वाटली.

१५ ऑगस्ट

शाळेचे कपडे आले. सैराने पाठवले. काळा झगा, पांढरा एप्रन, आणि केसात बांधायला डोक्याएवढी मोठी पांढरी फुलं. सासू म्हणाली, सूनबाई, बांधून बघ गं तिला, माझी बोटं आता चालत नाहीत.

जिबेक माझ्यापुढे बसली. तिच्या मानेवर, केसांखाली, एक तीळ आहे. मलाही तिथेच आहे. ती बडबडत होती. "वहिनी, तुझा आवाज परत नाही आला तर तू मुक्यांच्या शाळेत जाशील? तिथे पण गणवेश असतो का?" मग म्हणाली, "मला माहितीये, मी तुझ्या पोटातून आलेय. सैराताईने सांगितलं. पण मुलगी मी आईची आहे. हो ना?"

हो ना, असं विचारलं तिने. मागे वळून, माझ्याकडे बघून. सहा वर्षांची आहे, उत्तर मिळेपर्यंत नजर काढत नाही.

माझ्या तोंडात केसाच्या दोन पिना होत्या. मी तिचं डोकं पुढे वळवलं आणि गाठ मारली. जोरात बसली असेल. "दुखतंय!" म्हणून रडत आईकडे पळाली.

आईकडे.

१७ ऑगस्ट

पुन्हा त्या बेर्मेत डॉक्टरकडे. म्हणाली, "आ कर." केलं. "ई म्हण." हवा. मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, "बरं, आता खोकून दाखव."

खोकले. खोकल्याला आवाज होता! ठणठणीत. मी स्वतःच दचकले.

"बुरुल, खोकल्याचा आवाज तिथूनच येतो जिथून बोलण्याचा येतो. तार जागेवर आहे. तुझं अंग तुझ्यासाठी काहीतरी करतंय. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाहीये. अंगाला वाटतं तुला वाचवावं, म्हणून ते दार लावून घेतं. माझ्याकडे अशी माणसं येतात, कोणाचा हात उचलत नाही, कोणाचे पाय चालत नाहीत. ढोंग नाही ते. पण औषधाच्या कपाटात त्याचं औषध नाही."

मी कागदावर लिहिलं — मला गोळ्या द्या.

"कोणाला काय सांगायचं राहिलंय?"

मी पुन्हा लिहिलं — गोळ्या. खाली दोन रेघा मारल्या, कागद फाटला.

शेवटी दिल्या. जीवनसत्त्वाच्या! मला कळत नाही असं वाटलं का तिला? सहा वर्षं दवाखान्यात काढलीत मी. वरून म्हणते, "वहीत लिहितेस ना? सगळं लिहितेस?" हो बाई, सगळं लिहिते, तुझ्याबद्दलही लिहिते, नाक वर करून फिरणारी लिंबूटिंबू डॉक्टर असं लिहिते. झालं समाधान?

१८ ऑगस्ट

गोठ्यात दार लावून खोकले. दहा वेळा. दहाही वेळा आवाज. मग खोकल्याला जोडून "जिबेक" म्हणायला गेले. खोकला वाजला, जिबेक वाजलं नाही.

गाय बघत राहिली. बघू दे.

२० ऑगस्ट

सासू गळा चोळत होती. बिजूची चरबी. तिचे अंगठे कडक आहेत, पण कुठे दाबायचं ते तिला बरोबर कळतं, हे मान्य करावं लागेल. जिबेक अंगणात दोरीच्या उड्या मारत होती. एकाएकी सासू म्हणाली, "ठेवायचीय का तुला तिला?"

मी दोरीच्या उड्या मोजत राहिले.

"ठेवायची असेल तर सांग. मी ऐकेन की नाही ते नंतर. भांडेनही कदाचित. पण सांग तरी. तिसऱ्या दिवशी मी तिला घेतली तेव्हा तू मान हलवलीस. पाळणा माझ्या खोलीत नेला, मान हलवलीस. त्या दिवशी सैरा बोलली, तेव्हाही मी तुझ्याकडे बघत होते. तू चहा ओतत होतीस. मान हलवणाऱ्या बाईच्या मनात काय आहे ते मला कसं कळणार? मी काय अंतर्ज्ञानी आहे?"

अंगठे थांबले. वाट बघत होती.

वही माझ्या उशीखाली होती. पाटी भिंतीला टेकलेली. खडू खिडकीत.

मला माहितीये ही कशी आहे. मी लिहून दिलं की संध्याकाळी सैराला फोन, सकाळी सगळ्या गल्लीला खबर — तुर्दुबुबुच्या सुनेने तोंड वर केलं, दिलेलं मूल परत मागितलं. दिलेलं कोणी मागतं का परत? सापळा लावतेय! आजवर चांगली सून म्हणून मिरवलं, आता जाता जाता माझ्याच हाताने माझं नाक कापून घेणार. मी नाही पडत त्यात.

मी मान हलवली. नाही म्हणून.

तिने हात पुसले. "बरं," म्हणाली. बराच वेळ उठली नाही मात्र.

२१ ऑगस्ट

रात्रभर झोप नाही. सापळाच होता तो. सापळाच असणार.

२३ ऑगस्ट

छातीत धडधड. डावा हात जड. भूक नाही. नाझिकने रक्तदाब घेतला, एकशे साठ. पोरगी घाबरली, मला म्हणते, "ताई, पत्ता सांगा." हसू आलं. हसण्याला आवाज होता की नाही, बघायचं राहूनच गेलं.

साहेबांनी विचारलं, काही ताण आहे का. आता सगळ्या जगाला तोच एक प्रश्न सुचतो. चार दिवसांची रजा दिली. नको होती. घरी सामान बांधणं चालू आहे.

२४ ऑगस्ट

मुरांब्याच्या सहा बरण्या, सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांच्या, कुरुतच्या, दोन पिशव्या, जिबेकच्या गाद्या, सासूच्या रक्तदाबाच्या गोळ्या. सगळं मीच बांधलं. बांधताना कोणाला काही वाटलं नाही. "किती नीट बांधते!" म्हणाली सैरा फोनवर. तिला काय दिसलं तिथून?

जिबेकची पाटी पण ठेवली आत. मग काढली. मग पुन्हा ठेवली.

२६ ऑगस्ट

गेले.

पहाटे भाड्याची गाडी आली. रीतीप्रमाणे जिबेकने नानचा एक घास तोडून खाल्ला, उरलेला कुबानने खुंटीला टांगला, परत येईल तेव्हा संपवेल. सामान चढलं. सासू मागे बसली, जिबेक खिडकीशी. मी फाटकाला धरून उभी.

चालकाने गाडी सुरू केली, तेवढ्यात सासूने काच खाली केली. पाकिटातून पेन काढलं, आणि औषधाच्या चिठ्ठीची कोरी बाजू. "सूनबाई, शेवटचं विचारते. काय लिहायचं ते लिही. गाडी थांबते." चालक म्हणाला, "आजी, घाटात ऊन होईल." ती त्याच्यावर खेकसली, "थांब म्हटलं ना!"

कुबान टायर बघत होता. टायरला काहीही झालेलं नव्हतं.

मी कागद गाडीच्या टपावर ठेवला. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी बघितलंय, आता इथे खोटं कशाला लिहू. सापळा नव्हता. ती वाट बघत होती. मी लिहिलं तर ती उतरली असती, किंवा निदान पोरीला उतरवलं असतं, किंवा भांडली असती. काहीतरी झालं असतं.

मी लिहिलं — पोरीला गाडीत उलटी होते. पिशवी हाताशी ठेवा.

तिने वाचलं. दोनदा वाचलं असावं. घडी घालून पाकिटात ठेवलं. "चल रे," म्हणाली चालकाला. जिबेक हात हलवत होती, दोन्ही हात. गाडी पुलावरून वळली.

मग मी समोवार घासला. घासायला झाला नव्हता.

२७ ऑगस्ट

सकाळी फोन वाजला. कुबान गोठ्यात होता. कामाच्या सवयीने मीच उचलला आणि म्हटलं, "हॅलो, बोला."

म्हटलं. स्वच्छ. ना घोगरा, ना अडखळत. घशाला खरंच काही झालेलं नव्हतं.

जिबेक होती. "वहिनी! तू बोललीस! आई, आई, वहिनीचा आवाज आला!" मग तिकडे सगळं शांत झालं. सासूने कान लावला असणार. दोघी थांबल्या होत्या, मी पुढे काय बोलते ते ऐकायला.

मी म्हटलं, "आईचं ऐकत जा."